क्यूआर कोड स्कॅन झाला, पुढे काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडची सगळीकडे चर्चा झाली. पण कोड फक्त व्हिडिओपर्यंत नेतो. शिकणे तिथून सुरू होते. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातल्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, समाजमाध्यमांसाठी मात्र ७६ टक्क्यांनी. म्हणजे फोन हाताळणे मुलांना जमते. तो कशासाठी, हे शिक्षकाने दाखवायचे असते. उदाहरणार्थ, दीक्षा या शैक्षणिक ॲपवरचा हृदयाचा व्हिडिओ आदल्या रात्रीच डाउनलोड करावा (रेंज ऐन तासाला दगा देते), झडप मिटण्याआधी थांबवावा आणि ‘आता रक्त कुठे जाईल?’ याचे उत्तर प्रत्येकाला वहीत लिहायला लावावे. मग पुढचा भाग.

‘एवढे फळ्यावरही होते की!’ असे कोणी म्हणेल. अपूर्णांकांसाठी खरेच होते, तिथे खडूच बरा. धडधडती झडप मात्र खडूने हलत नाही. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांचे काय, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. म्हणूनच व्हिडिओ वर्गात, सगळ्यांनी मिळून पाहावा; व्हॉट्सॲपवर पाठवून गृहपाठ दिल्याचे समाधान मानू नये.