नक्कल बरहुकूम अस्सल

लघुलहरींच्या पट्ट्यावर रात्री रेडिओ सिलोन लावून बसणाऱ्या पिढीला एक अनुभव चांगलाच परिचित आहे: दूरच्या केंद्रावरून येणारे गाणे मध्येच भरून येते, मध्येच खचते, आणि त्या चढउतारात गायकाच्या आवाजाचा पोतच क्षणोक्षणी पालटत राहतो. वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होणारी एकच लहर दोन-तीन वाटांनी, किंचित मागेपुढे, आपल्यापर्यंत पोचते. या वाटांचे जुळले की आवाज फुलतो, बिनसले की विरतो. आपण त्याला व्यत्यय म्हणून रेडिओची कळ पिळत बसलो. जपानमधील फुमियो मिएदा या अभियंत्याला मात्र रेडिओ मॉस्कोचे असेच हेलकावणारे प्रक्षेपण ऐकताना त्यात एक वाद्यगुण दिसला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. आणि तो गुण हुकमी वापरता यावा म्हणून त्यांनी जो विद्युत्मंडल रचला, तो 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिन-एई या जपानी कंपनीने बनवलेल्या आणि अमेरिकेत युनिव्हॉक्स या नावाखाली विकल्या गेलेल्या ‘युनि-व्हाइब’ नामक पेटीत अवतरला.

विक्रेत्यांनी या पेटीची भलामण केली ती वेगळ्याच अंगाने. हॅमंड ऑर्गनबरोबर वापरला जाणारा लेस्ली स्पीकर, ज्यात ध्वनीचा कर्णा प्रत्यक्ष गरगर फिरतो, तो अवजड आणि महाग. त्याच्याऐवजी ही सुटसुटीत पेटी घ्या, असा एकंदर सूर होता. लेस्लीची नक्कल म्हणून पाहिले तर ती फसलेलीच म्हणावी लागेल. परंतु 18 ऑगस्ट 1969 रोजी सकाळी वुडस्टॉकच्या मंचावर जिमी हेंड्रिक्सने ती पायाशी घेतली, पुढे 1970च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ‘मशीन गन’ वाजवताना तिचा धडधडता स्वर साऱ्या सभागृहात भरून टाकला, आणि मग त्या फसलेल्या नकलेलाच अस्सलपणाची सनद मिळाली. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर आणि रॉबिन ट्रॉवर यांनी पुढील चार-पाच वर्षांत तिच्या कीर्तीत भर घातली. आज मूळ पेट्या संग्राहकांच्या हाती गेल्या असून त्यांच्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्यात राहिलेल्या नाहीत. साहजिकच जगभरचे हौशी लोक सोल्डरिंगची कांडी हाती घेऊन तिच्या प्रतिकृती घरीच घडवू लागले. अमेरिकन अभियंते आर. जी. कीन यांनी मूळ मंडलाची सविस्तर चिकित्सा करून ‘निओव्हाइब’ या नावाने जो आराखडा खुला केला, त्यावर अशा असंख्य प्रतिकृतींची उभारणी झालेली आहे.

या पेटीचे अंतरंग असे. गिटारचा विद्युत्संकेत एकामागून एक अशा चार टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्पा आवाज लहानमोठा करीत नाही. तो लहरीला केवळ किंचित मागे सारतो, आणि किती मागे सारायचे हे एक कपॅसिटर आणि प्रकाशाने बदलणारा एक रोध, म्हणजे बाजारात ज्याला एलडीआर म्हणतात तो, हे दोघे मिळून ठरवतात. चारही एलडीआर एका चिमुकल्या तंतुदिव्याभोवती गोलाकार बसवलेले असून त्यांवर आतून चकचकीत असे धातूचे झाकण असते. दिवा मंदावत-उजळत राहिला की चारही रोध एकदम चढउतार करतात. मागे सरण्याचे हे प्रमाण सतत बदलत राहिल्याने स्वर आपल्या जागेपासून हलतो: मागे पडत चाललेली लहर कानाला किंचित उतरलेली वाटते, अंतर भरून काढणारी किंचित चढलेली. दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार ज्या कानाने ऐकला आहे, त्याला हा ‘व्हायब्रेटो’ म्हणजे केवळ आवाजाचा कंप नव्हे हे तत्काळ उमगेल. दुसऱ्या बाजूला ‘कोरस’ हे बटण दाबले असता मूळ संकेत आणि मागे सरलेला संकेत एकत्र मिसळले जातात, काही वारंवारता परस्परांना खोडतात, आणि ही खोडलेली जागा दिव्याच्या तालावर वरखाली सरकत राहते. लघुलहरींवरच्या दोन वाटांचा खेळ तो हाच.

गंमत अशी, की पाठ्यपुस्तकी दृष्टीने या रचनेत दोष ठायी ठायी आहेत. 1974 साली आलेल्या एमएक्सआर कंपनीच्या ‘फेज 90’मध्ये चारही टप्पे एकसारखे असतात, येथे मात्र कपॅसिटरांची मूल्ये 0.015, 0.22 आणि 0.0047 मायक्रोफॅरड आणि 470 पिकोफॅरड अशी, कोणाचा कोणाशी मेळ नसलेली. तंतुदिवा तापायला आणि निवायला वेळ घेतो, आणि या दोहोंची चाल सारखी नसते. एलडीआरही उजेडात झटकन उतरतो, पण अंधारात रेंगाळत पूर्वपदावर येतो. या दुहेरी आळसामुळे चढउतार एका सुडौल वक्राने न होता एका अंगाला कललेला, धापा टाकल्यासारखा होतो, आणि श्रोते ज्याला युनि-व्हाइबचा प्राण मानतात तो नेमका हाच कल होय.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेल्यास रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर हे जिन्नस विनासायास मिळतात. खरी कसोटी एलडीआरची. एकाच पुडक्यातील दोन नग सारखे निघतील याची हमी दुकानदारही देत नाही. म्हणून मल्टिमीटर लावून, एकदा मुठीत झाकून आणि एकदा ठरावीक उजेडात धरून प्रत्येकाचा रोध मोजावा लागतो, आणि चौघांची जोडणी लग्न जुळवणाऱ्याच्या चिकाटीने करावी लागते. पुढे पेटी तयार झाल्यावर दिव्याची बैठक साधायची. पट्टीवर बसवलेला छोटा प्रीसेट पेचकसाने केसभर फिरवीत जावे: दिवा फार मंद ठेवला तर तो अर्धा काळ विझलेलाच राहून स्वर लंगडतो, फार तेजस्वी ठेवला तर एलडीआर पुरते अंधारातच जात नाहीत आणि हेलकावा दबतो. हे सारे झाकण लावून तपासायचे, कारण खोलीतला उजेड आत शिरला की रोध खालीच अडकून पडतात आणि परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. झाकण काढा, पेच फिरवा, झाकण लावा, तार छेडा. संध्याकाळ अशीच जाते. अखेर निकाल मीटर देत नाही, कान देतो. त्यातच दिव्याला हलवणाऱ्या मंडलाची टकटक गिटारच्या आवाजात झिरपू लागली, तर तारांची मांडणी पुन्हा उकलावी लागते, ती निराळीच.

या छंदात श्रद्धेइतकीच अंधश्रद्धाही नांदते. अमुक सालचा जपानी कपॅसिटरच हवा, ट्रान्झिस्टरवर मूळचाच क्रमांक हवा, पेटीचा रंगसुद्धा तोच हवा, असा आग्रह धरणारे लोक आहेत. माझ्या मते त्यांच्या पैशाचा मोबदला कानाला मिळत नाही, फार तर डोळ्याला मिळतो. कपॅसिटरचे मूल्य बरोबर असले की त्याच्या कुळाची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. याउलट दिवा आणि एलडीआर यांच्या बाबतीत कितीही चोखंदळपणा केला तरी तो वाया जात नाही. मूळ पेट्यासुद्धा एकमेकींसारख्या वाजत नसत. तेव्हा ‘बरहुकूम’ म्हणजे कोणत्या पेटीबरहुकूम, हा प्रश्न मोकळाच राहतो. कायद्याच्या अंगाने विचारल्यास, एकस्वाची मुदत साधारणपणे 20 वर्षांची असते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या मंडलावर तसा हक्क कधी असलाच तरी तो केव्हाच संपला. मूळचे नाव आपल्या पेटीवर छापून ती विकण्याची मुभा मात्र त्यामुळे मिळत नाही.

बॉस कंपनीची 1982 साली आलेली ‘व्हीबी-2’ हीदेखील नकलाकारांची आवडती. पण तिची तऱ्हा वेगळी. तेथे दिवा नाही. संकेताचे तुकडे करून ते कपॅसिटरांच्या लांबलचक साखळीतून हातोहात पुढे सरकवणारी चिप आहे, आणि सरकवण्याचा वेग बदलून स्वर हलवला जातो. अशा जुन्या चिपांचे उत्पादन मूळ कारखान्यांनी थांबवल्यावर चिनी कंपन्यांनी त्यांच्या प्रतिकृती बाजारात आणल्या, त्यामुळे तो मार्ग अद्याप खुला आहे.

युनि-व्हाइबच्या वाटेत मात्र अडचण आहे ती सरकारी. एलडीआर कॅडमियम सल्फाइडचे असतात, आणि कॅडमियम हा विषारी धातू असल्याने विद्युत् उपकरणांतील त्याच्या वापरावर युरोपीय संघाने 2006पासून निर्बंध घातले आहेत. तंतुदिवेही हळूहळू बाजारातून उठत चालले. तेव्हा काही कारागीर दिव्याच्या जागी एलईडी बसवतात. पण एलईडी क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो, आणि मग त्याला तंतुदिव्याप्रमाणे रेंगाळायला लावण्यासाठी एक जादा मंडल जोडावे लागते, ज्याच्या मांडणीत त्यांचे आठवडेच्या आठवडे खर्ची पडतात.