समीकरणाची निवड : प्रक्रिया-सिम्युलेटरमधील ऊष्मागतिकी आणि बालीगंजचा संदर्भ

कोलकात्याच्या बालीगंज भागात गुरुसदय रोडवर बिर्ला औद्योगिक व तांत्रिकी संग्रहालय आहे. २ मे १९५९ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. त्यातील ‘मोटिव्ह पॉवर’ या दालनाचे नाव योगायोगाने एका ग्रंथाची आठवण करून देते. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये अग्नीच्या प्रेरक शक्तीविषयी जे छोटे पुस्तक लिहिले, त्यापासून ऊष्मागतिकी या शास्त्राचा आरंभ मानला जातो. गुरुसदय रोडचे जुने नाव स्टोअर रोड. या रस्त्यावर ठाकूर कुटुंबाचे घर होते आणि सत्येंद्रनाथ ठाकूर यांचे येथे वास्तव्य होते. सनदी सेवेतील पहिले भारतीय अधिकारी म्हणून त्यांची नोकरीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली. तेथे ते मराठी शिकले आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत आणले. मराठी आणि बंगाली यांच्या तौलनिक अभ्यासकाला हा रस्ता परिचित असतो तो त्यांच्यामुळे. वाफेच्या यंत्रांचे दालनही त्याच रस्त्यावर आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षणात ऊष्मागतिकीची प्राथमिक गणिते आज मोठ्या प्रमाणावर प्रक्रिया-सिम्युलेटर या प्रकारच्या संगणकप्रणालींवर केली जातात. या प्रणाली काय करतात आणि काय करीत नाहीत, हे साहित्याच्या अभ्यासकासमोर मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न वरवर पाहता परका वाटेल. परंतु एकाच वास्तवाची अनेक भाषांतरे उपलब्ध असताना त्यांपैकी कोणते, कशासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर स्वीकारावे, हा जो प्रश्न भाषांतरमीमांसेत वारंवार उपस्थित होतो, तोच येथे आकड्यांच्या रूपात उभा राहतो.

या प्रश्नाचे एक जुने उदाहरण कोलकात्यातच सापडते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. त्याची कोनशिला २७ मार्च १९१४ रोजी बसविण्यात आली. बालीगंज सर्क्युलर रोडवरील विद्यापीठाचा परिसर आजही पालितांच्या नावाने ओळखला जातो. भौतिकी आणि रसायन हे विभाग मात्र शहराच्या उत्तरेकडील राजाबाजारच्या इमारतीत होते. या महाविद्यालयात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोन तरुण अध्यापक होते. १९१८ मध्ये, म्हणजे दोघेही वयाच्या पंचविशीच्या आसपास असताना, त्यांचा एक संयुक्त निबंध ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रेणूंना स्वतःचे आकारमान असते, ते बिंदूवत नसतात, ही वस्तुस्थिती वायूच्या अवस्था-समीकरणात कशी आणावी, हा त्या निबंधाचा विषय. १९२० मध्ये याच दोघांनी आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांचे सापेक्षतेवरील जर्मन निबंध इंग्रजीत अनुवादित केले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते ग्रंथरूपाने छापले. प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबीस यांची होती. बोस आणि साहा हे अनुवादक होते हे साहित्याच्या इतिहासात क्वचितच नोंदवले जाते. त्यांचे अवस्था-समीकरणही एका अर्थी अनुवादच होता, ही गोष्ट तर त्याहून दुर्लक्षित राहिली आहे.

अवस्था-समीकरण म्हणजे दाब, तापमान आणि आकारमान यांचा परस्परसंबंध सांगणारे विधान. सर्वांत साधे विधान आदर्श वायूचे : रेणूंना आकार नाही आणि त्यांचे परस्परांशी काही देणेघेणे नाही. असा वायू जगात कोठेही नाही. योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मधील आपल्या प्रबंधात दोन दुरुस्त्या सुचविल्या. एक रेणूंच्या आकाराची, दुसरी त्यांच्या परस्पर आकर्षणाची. साहा आणि बोस यांनी त्यांपैकी पहिलीच पुन्हा तपासावयास घेतली. पुढे १९४९ मध्ये रेडलिख आणि क्वाँग, १९७२ मध्ये सोआव्हे, १९७६ मध्ये पेंग आणि रॉबिन्सन यांनी नवी समीकरणे दिली. यांपैकी एकही समीकरण अंतिम ‘सत्य’ नाही. प्रत्येकाने मूळ वास्तवातील काही राखले आहे आणि काही सोडून दिले आहे. अभंगाचा अनुवादक छंद राखतो की अर्थच्छटा राखतो, यावर जसे त्याच्या अनुवादाचे क्षेत्र ठरते, तसेच येथेही घडते.

सिम्युलेटरमध्ये ही सर्व समीकरणे एका यादीत मांडलेली असतात. वापरणाऱ्याने प्रथम घटक निवडावयाचे, नंतर या यादीतून एक ‘प्रॉपर्टी पॅकेज’ निवडावयाचे आणि मग पडद्यावर पंप, झडप, उष्मा-विनिमयक, ऊर्ध्वपातन स्तंभ इत्यादींची चित्रे ओढून त्यांना रेषांनी जोडावयाचे. त्यानंतरचे काम यंत्राचे. दाब आणि तापमान दिले असता मिश्रणाचा किती भाग द्रव राहील आणि किती वाफ होईल, हे काढण्यासाठी अंदाज बांधावा लागतो, तो तपासावा लागतो, सुधारावा लागतो आणि दोन्ही बाजू जुळेपर्यंत ही आवर्तने चालू ठेवावी लागतात. रॅचफर्ड आणि राइस यांनी १९५२ मध्ये या गणितासाठी दिलेली मांडणी आजही प्रचारात आहे. कागदावर ज्याला तास-दोन तास लागत, ते यंत्र डोळ्याचे पाते लवण्याआधी करते. ही सोय लहान नव्हे. लॉगॅरिथमची कोष्टके चाळण्यात ज्या पिढ्यांची उमेद गेली, त्यांच्याबद्दल सहानुभूती बाळगूनही तिच्याकडे परतण्याचा आग्रह कोणी धरू नये.

अडचण यादीतील निवडीची आहे. एक साधे उदाहरण घेता येईल. एक लिटरच्या बंद पात्रात पाच मोल, म्हणजे सुमारे २२० ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड आहे आणि तापमान ३२० केल्विन, म्हणजे साधारण ४७ अंश सेल्सिअस आहे. पात्रातील दाब किती? आदर्श वायूचे समीकरण निवडल्यास उत्तर १३३ बार येते. व्हॅन डर वाल्स यांचे समीकरण ७८ बार सांगते, पेंग-रॉबिन्सन ७७. तिन्ही उत्तरे पडद्यावर सारख्याच अक्षरांत, सारख्याच दशांश स्थळांसह उमटतात. पहिले उत्तर देताना यंत्र अडखळत नाही. येथे १८७३ चे समीकरण शंभर वर्षांनंतरच्या समीकरणाच्या इतके जवळ आले, त्यावरून जुने समीकरण सर्वत्र पुरेसे आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. द्रवाची घनता काढावयास घेतली की त्याचा तोल सुटतो.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल तयार करणाऱ्या आसवन्या पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी आहेत. आंबवणातून मिळणाऱ्या पातळ द्रावणातून अल्कोहोल वेगळे करणे म्हणजे पाणी आणि इथेनॉल यांचे ऊर्ध्वपातन. या दोन द्रवांचे रेणू एकमेकांच्या सहवासात एकटे असताना वागतात तसे वागत नाहीत. द्रावणातील दर दहा रेणूंपैकी एक इथेनॉलचा असेल, तर वातावरणीय दाबाला ते प्रत्यक्षात सुमारे ८६.५ अंशांना उकळते आणि निघणाऱ्या वाफेत इथेनॉलचे प्रमाण रेणूसंख्येने सुमारे ४४ टक्के असते. राउल्ट यांचा नियम, म्हणजे द्रावण ‘आदर्श’ आहे असे गृहीत धरणारा नियम, निवडल्यास यंत्र उकळबिंदू ९७ अंशांच्या आसपास आणि वाफेतील इथेनॉल अवघे २० टक्के दाखवते. उलट टोकाला चूक दुसऱ्या दिशेने होते. प्रत्यक्षात वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉलपाशी, ७८.२ अंशांवर, द्रव आणि वाफ यांची घडण एकच होते. याला अ‍ॅझिओट्रोप म्हणतात आणि साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे जाता येत नाही. इंधनात मिसळावयाचे जवळजवळ निर्जल इथेनॉल मिळविण्यासाठी म्हणूनच आसवनीत रेण्वीय चाळणीसारखी वेगळी व्यवस्था करावी लागते. आदर्श द्रावणाचे पॅकेज निवडणाऱ्याला ही भिंत दिसतच नाही. स्तंभात थोड्या अधिक पायऱ्या वाढविल्या की त्याच्या पडद्यावर ९९.९ टक्के शुद्ध अल्कोहोल तयार होते. असा स्तंभ कोणी बांधला तर तो आयुष्यभर ९५ टक्क्यांच्या आसपासच अडकून राहील.

अशा मिश्रणांसाठी विल्सन यांचे १९६४ चे, रेनॉन आणि प्राउस्निट्झ यांचे १९६८ चे ‘एनआरटीएल’, तसेच १९७५ चे ‘युनिक्वॅक’ अशी प्रतिमाने आहेत. त्यांत दर दोन घटकांच्या परस्परवर्तनाचे स्थिरांक लागतात आणि ते प्रयोगशाळेतील मोजमापांवरूनच मिळतात. येथे एक सूक्ष्म सापळा आहे, आणि तो पहिल्या दोन उदाहरणांपेक्षा अधिक फसवा आहे. एखाद्या जोडीचे स्थिरांक प्रणालीच्या संग्रहात नसले, तर अनेकदा त्यांच्या जागी शून्य धरले जाते. एनआरटीएलमध्ये हे स्थिरांक शून्य केले की उरते ते पुन्हा आदर्श द्रावणच. निवड योग्य झाली आहे, नावही योग्य दिसते आहे आणि आत मात्र राउल्टचा नियम चालू आहे. शीर्षकपृष्ठावर एका अनुवादकाचे नाव आणि आत दुसऱ्याचाच मजकूर, असा हा प्रकार.

तिसरी गोष्ट चुकीची नसून गैरसमजाची आहे. विद्यार्थी बाष्पकोष्टकात पाहतो, तेव्हा २५ अंशांच्या पाण्याची एन्थॅल्पी दर किलोग्रॅमला सुमारे १०५ किलोजूल असते. सिम्युलेटरच्या पडद्यावर त्याच पाण्यापुढे उणे २,४४० च्या आसपासचा आकडा दिसतो आणि तो गोंधळतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. बाष्पकोष्टकाचे शून्य ०.०१ अंशाच्या द्रवरूप पाण्यापाशी आहे. अनेक प्रणाली आपले शून्य २५ अंशांच्या आदर्श वायूपाशी ठेवतात. मग द्रव पाणी त्या शून्याच्या तितके खाली असणार, जितकी ऊष्णता २५ अंशांना त्याची वाफ करण्यास लागते. साहा-बोस निबंधाचे वर्ष महाराष्ट्रातील पंचांगात शके १८४० आणि बंगाली पंचांगात १३२५ म्हणून नोंदले जाते. परंतु दोन घटनांमधील अंतर कोणत्याही पंचांगाने मोजले तरी बदलत नाही. एन्थॅल्पीचेही तसेच आहे. अर्थ फरकाला असतो. मात्र एक आकडा एका पंचांगातून आणि दुसरा दुसऱ्यातून घेतला, तर उष्मा-विनिमयकाचे गणित हजारो किलोजूलांनी चुकते, आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक दुर्मीळ नाही.

या प्रणालींचा इतिहास बराचसा कंपन्यांच्या आणि महागड्या परवान्यांच्या आश्रयाने घडला. अमेरिकेतील एमआयटी येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय अर्थसाहाय्याच्या प्रकल्पातून ‘अ‍ॅस्पेन’ ही प्रणाली निघाली आणि १९८१ पासून ती एका कंपनीकडे गेली. सामान्य महाविद्यालयाला तिचा खर्च झेपणे कठीण. ब्राझीलच्या डॅनिएल वॅग्नर यांनी तयार केलेली ‘डीडब्ल्यूसिम’ ही मुक्त प्रणाली या दृष्टीने महत्त्वाची ठरली. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ या प्रकल्पाने तिचा भारतात प्रसार केला. देशभरातील विद्यार्थ्यांनी तीत रचलेले प्रक्रिया-आराखडे तपासून सर्वांसाठी खुले करण्याचा उपक्रमही त्याने चालविला आहे. प्रणालीची आज्ञावली उघडी असल्याने, शून्य कोठे मानले आहे आणि स्थिरांक कोठून आले आहेत, हे जिज्ञासूला स्वतः पाहता येते. मूळ संहिता हाताशी असणे म्हणजे काय, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको.

पडद्यावरची भाषा मात्र इंग्रजीच आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापन करून ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू केले ते बंगालीतून विज्ञान सांगता येते या विश्वासाने. मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये आली. मराठीने ‘ऊष्मागतिकी’ घडविले, बंगालीने ‘तापगतिविद्या’. दोन्ही शब्दांत ऊष्णता आणि गती आहेत, शक्ती नाही. मूळ ग्रीक घटकातील ‘डायनॅमिस’चा अर्थ सामर्थ्य, आणि कार्नोच्या ग्रंथाचा विषयही तोच होता. क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये ‘एंट्रॉपी’ हा शब्द ‘एनर्जी’शी नाद जुळावा म्हणून हेतुपुरस्सर घडविला, तो मराठीने जसाच्या तसा घेतला आणि तो नादही त्याबरोबर आला. ‘फ्युगॅसिटी’ या गिल्बर्ट लुईस यांनी १९०१ मध्ये घडविलेल्या संज्ञेत लॅटिनमधील पळून जाण्याचा अर्थ आहे : द्रवातून निसटण्याची रेणूची ओढ. ही ओढ द्रवात आणि वाफेत समान झाली की समतोल साधतो, आणि सिम्युलेटरची सारी आवर्तने ही समानता गाठण्यासाठीच चाललेली असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘फ्युगॅसिटी’ हे केवळ सूत्रातील एक अक्षर राहते. त्यातील पलायन त्याला कोणी सांगितलेले नसते.

बालीगंज स्थानकावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलने ढाकुरियानंतर जादवपूर येते. तेथील विद्यापीठात बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला, आणि हीरालाल रॉय यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेचे मुख्यालयही त्याच परिसरात आहे. साहा आणि बोस यांचे १९१८ चे समीकरण आज प्रचलित सिम्युलेटरांच्या यादीत आढळत नाही. वरच्या उदाहरणातील कार्बन डायऑक्साइडचा दाब त्या समीकरणाने किती येतो, हे पाहावयाचे असेल, तर विद्यार्थ्याला ते कागदावरच सोडवावे लागेल, किंवा मुक्त प्रणालीच्या आज्ञावलीत ते स्वतः लिहावे लागेल.