गटार गावाबाहेर नेऊन प्रश्न सुटतो का?

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात पोचवायचे ठरले. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते गृहीत धरतात. म्हणजे २,००० वस्तीच्या गावातून रोज ८८,००० लिटर. हंड्याने पाणी भरणाऱ्या घरातली मोरी दुपारपर्यंत सुकत असे. नळ असलेल्या घरातली सुकत नाही. गावाची पहिली मागणी अर्थातच गटाराची असते, बंदिस्त असेल तर अधिकच चांगले. पण ते गटार ओढ्यात सुटते आणि त्याच ओढ्याच्या काठी बहुधा पाणीपुरवठ्याची विहीर असते. लहान गावाने सांडपाणी गोळा करण्याआधी ते जिथल्या तिथे जिरवावे आणि उरेल तेवढ्याचीच सामूहिक व्यवस्था करावी, असे माझे मत आहे.

त्यासाठी मोरीचे पाणी आणि संडासाचे पाणी वेगळे ठेवणे ही पहिली अट. अंघोळीच्या नि धुण्याभांड्यांच्या पाण्यात साबण, तेल, खरकटे असते, रोगजंतू त्या मानाने कमी. मैला त्यात मिसळला की सगळेच पाणी मैलापाणी होते. मैल्यासाठी दोन खड्ड्यांचा संडास पुरतो: एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचे खत होते. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली. पुढे ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून जिल्हाभर गेली. खड्ड्याच्या मध्ये भोके असलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, एवढीच रचना. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचे पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत जाते. ‘डासमुक्त गाव’ ही ख्याती मात्र जपून घ्यावी. तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा, हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास याने हटतो. डेंग्यूचा एडिस रांजणातल्या आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो, त्याला शोषखड्ड्याशी देणेघेणे नाही.

काळ्या जमिनीत पाणी जिरत नाही, हा आक्षेप खराच आहे. ओली झाली की ती फुगते आणि वाट बंद करते. विदर्भ-मराठवाड्यात अशी जमीन भरपूर. पण जी चिकण माती पाणी सोडत नाही, तीच तळ्याचा तळ म्हणून उत्तम. तिथे उताराच्या टोकाला एकापाठोपाठ एक उथळ तळी घ्यावीत. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, त्यावर जिवाणू घाण पचवतात, जंतांची अंडी तळाशी बसतात. पंप नाही, हवा सोडणारे यंत्र नाही, त्यामुळे विजेचे बिलही नाही. पथदिव्यांची थकबाकी डोक्यावर असलेल्या ग्रामपंचायतीला हे वेगळे समजावायला नको. जागा कमी असेल तर खडीच्या थरात कर्दळ आणि पाणकणीस लावून त्यांच्या मुळांतून पाणी गाळता येते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ या नावाने ही पद्धत विकसित केली आहे. ते पाणी चाऱ्याला, झाडांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये.

दुसरा आक्षेप विहिरी नासण्याचा. भूजल उथळ असेल तिथे शोषखड्डा घेऊच नये. खड्ड्याचा तळ आणि पाण्याची पातळी यांत दोन मीटर तरी अंतर हवे, तेही पावसाळ्यातल्या पातळीपासून मोजलेले. कातळाला भेगा असतील तर पाणी न गाळता थेट विहिरीत उतरते, म्हणून आधी जमीन तपासणे भाग आहे. सरसकट उद्दिष्ट वाटून देणाऱ्या योजनांत नेमके हेच राहून जाते. खड्डे तुंबतात ही तक्रार तर टाकीतला गाळ कोणी काढत नसल्याची आहे. उघड्या गटारातला गाळही कोणाला तरी काढावाच लागतो, आणि तो ‘कोणी तरी’ गावात कोण असतो हे सर्वांना ठाऊक आहे.

उरतो पैशाचा प्रश्न. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. म्हणजे २,००० वस्तीला ५,६०,००० रुपये. पाच माणसांचे घर धरले तर घरामागे १,४००. एवढ्यात गावभर बंदिस्त गटार आणि त्याच्या टोकाला प्रक्रिया केंद्र बसत नाही. अर्धे गटार बसते, आणि ते जिथे संपते तिथे कोणाचे तरी शेत असते.