अमेरिकेतील रिटर्न आणि सरकारी औषधपाणी

आपल्यातील काही बुजुर्ग मुलांकडे अमेरिकेत कायमचे राहावयास जातात. तिथे नवरा-बायकोला आयकराचे रिटर्न एकत्र किंवा वेगवेगळे भरता येते. वेगळे भरले की मिळकत कमी दिसेल आणि 'मेडिकेड' ही गरिबांसाठीची सरकारी वैद्यकीय मदत मिळेल, असा हिशेब पुष्कळजण करतात. तो चुकीचा आहे. दुकानाच्या दोन वह्या केल्या म्हणून घरात चुली दोन होत नाहीत! वयाच्या ६५ नंतर मेडिकेडवाले साधारणतः एकत्र राहणाऱ्या जोडप्याची मिळकत, आणि बहुतेक राज्यांत बँकेतील शिल्लकही, एकत्रच धरतात.

उलट नुकसान होते. रिटर्न एकत्र असेल तर सोशल सिक्युरिटीचे निम्मे पेन्शन व इतर मिळकत मिळून ३२,००० डॉलरपर्यंत त्या पेन्शनवर कर नाही. एका घरात राहून वेगळे भरले, तर ही मर्यादा शून्य.

दोघांपैकी एकाला नर्सिंग होममध्ये ठेवावे लागले, तर १९८८ च्या कायद्याने घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी काही मिळकत व शिल्लक राखता येते. तिथेही रिटर्न नव्हे, निकाह पाहिला जातो.

ग्रीनकार्ड नवे असेल तर मेडिकेडसाठी सहसा पाच वर्षे थांबावे लागते. तोवरच्या विम्याची सोय मुलाने आधीच करून ठेवावी.