पुस्तक बदलायला, जुरोंग ईस्टला

शनिवारी सकाळी साडेदहाला सिंगापूरच्या जुरोंग ईस्ट स्टेशनावर उतरलेली गर्दी मॉलांकडे वळते आहे. त्यातली काही कुटुंबं मात्र खांद्याला जडशी कापडी पिशवी लावून जुरोंग रीजनल लायब्ररीच्या वाटेला लागतात. पिशवीतून जाड पुठ्ठ्यांचे कोपरे बाहेर डोकावताहेत. मी त्यांच्या मागोमाग चालते.

पुस्तकं परत घेणाऱ्या फटीपाशी एक वडील थांबतात. त्यांचा मुलगा टाचा उंचावून एकेक पुस्तक आत सरकवतो. पुस्तक आत पडतं आणि त्याच्या नावावरची नोंद उतरते. ही पुस्तकं त्यांनी इथूनच नेली असतील असंही नाही. वुडलँड्सहून आणलेलं पुस्तक जुरोंगला टाकता येतं, इथलं टँपिनीसला. सगळ्या शहराची ग्रंथालयं मिळून एकच खातं आहे. यंत्रं भिंतीत बसवण्याआधी कुणीतरी हे ठरवलं, आणि मला यंत्रांपेक्षाही त्या निर्णयाचं मोल जास्त वाटतं.

आत देवघेवीची यंत्रं ओळीने उभी आहेत आणि त्यांच्यासमोर रांग नाही. एक बाई कार्ड वाचकापुढे धरते, सहा-सात पुस्तकांची चळत तशीच्या तशी फळीवर ठेवते. पडद्यावर नावं भराभर उमटतात, शेजारी परतीची तारीख, 21 दिवसांनंतरची. प्रत्येक पुस्तकात एक पातळ चिकटपट्टी आहे. तिच्यात तारेचं वेटोळं आणि बारीकशी चिप. बॅटरी नाही. फळीतून निघणाऱ्या रेडिओलहरींतूनच चिपला शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. चळतीतली सगळी पुस्तकं एकामागोमाग एक हजेरी देतात, तीही न उघडता. नोंद न झालेलं पुस्तक घेऊन कुणी बाहेर निघालं, तर दारातल्या खांबांना ते कळतं.

या तंत्राचं माहेर इथून एकाच स्टेशनाच्या अंतरावर आहे. बुकित बातोकचं ग्रंथालय 1998 साली उघडलं, तेव्हा ते हे तंत्र वापरणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी होतं. त्याआधी 1995 साली नॅशनल लायब्ररी बोर्ड स्थापन झालं, त्या काळात शनिवार-रविवारी पुस्तकं बदलायला लांबच लांब रांगा लागत. 2002 साली सेंगकांगला कर्मचाऱ्यांविना चालणारं ग्रंथालयही त्यांनी उघडून पाहिलं. जुरोंगचं ग्रंथालय मुळात 1988 सालचं. वाढवून, नवं करून ते 2004 साली पुन्हा उघडलं.

माझ्या शेजारच्या यंत्रापाशी मराठी ऐकू येतं.

“आई, तू हात नको लावूस, मी करते!” सहा-सात वर्षांची मुलगी, दोन्ही हातांत चित्रांची पुस्तकं. ती पुस्तकं फळीवर ठेवते, पडद्यावरची नावं मोठ्याने वाचते, एक नाव अडखळून पुन्हा वाचते. आई खरंच हात मागे घेते. ठाण्यातल्या लहानपणी वाचनालयाचा काउंटर मला हनुवटीच्याही वर यायचा. माझं पुस्तक आईच पुढे करायची. ही मुलगी स्वतः वाचक म्हणून उभी आहे, कुणाच्या तरी मार्फत नाही. मला त्याचा मनापासून आनंद होतो.

बरोबरचे आजोबा इकडेतिकडे पाहताहेत. “आणि शिक्का? नोंद कोण ठेवतं?”

“मशीन ठेवतं ना, आजोबा.”

माझ्याकडे बघून ते हसतात. मी मराठी आहे हे त्यांनी ओळखलंय. “आमच्या वाचनालयात देवघेवीला एक गृहस्थ होते,” ते मला सांगतात. “पुस्तक हातात घेतलं की म्हणायचे, हे नका नेऊ, तुम्हाला नाही आवडायचं. आणि खरंच नाही आवडायचं!”

त्यांचं म्हणणं माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडची वाचनालयं अशा माणसांवर उभी आहेत. तुटपुंज्या अनुदानातून मिळणाऱ्या अपुऱ्या पगारावर ती माणसं वर्षानुवर्षं वाचकांच्या आवडीनिवडी डोक्यात ठेवतात. तिथे यंत्र आणलं आणि त्या माणसाला घरी पाठवलं, तर वाचनालयाचा जीवच काढून घेतल्यासारखं होईल. शिक्के मारण्यातून त्याला सोडवून वाचकांमध्ये उभं केलं, तर मात्र मी त्या यंत्रासाठी वर्गणी गोळा करायला घरोघर फिरेन.

दुसऱ्या टोकाच्या यंत्रापाशी पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा एकटाच आहे. त्याच्या हातातलं पुस्तक पालथं आहे. तो ते पालथंच फळीवर ठेवतो, तसंच उचलून दप्तरात टाकतो. काय वाचतोय हे त्याला कुणाला दाखवायचं नाही, आणि इथे ते दाखवावं लागत नाही. देवघेवीच्या मायाळू गृहस्थांपुढे त्याने ते पुस्तक काढलं असतं का? मला नाही वाटत. यंत्राच्या या मुकेपणाचा उपयोग त्या वयात फार मोठा आहे.

वरच्या मजल्यावर एक वयस्कर गृहस्थ गाडीवरची पुस्तकं कपाटात लावताहेत. पाठीवरचा क्रमांक पाहायचा, बोटाने शेजारच्या पुस्तकांवरून सरकत जायचं, जागा करायची, पुस्तक बसवायचं. चुकीच्या जागी गेलेली पुस्तकं रात्री शोधत फिरणारा यंत्रमानव सिंगापूरच्या ए-स्टार संस्थेने बनवला होता. पासिर रिसच्या ग्रंथालयात त्याची चाचणीही झाली. पण तो चूक दाखवून थांबे. पुस्तक उचलून योग्य जागी ठेवायला सकाळी माणूसच लागे.

आजोबा वर आलेत. ते थेट मदतकक्षातल्या तरुणीकडे जातात आणि अडखळत्या इंग्रजीत विचारतात, इथल्या बंदराचा इतिहास, पण सोपा, आहे का? शोधाचा पडदा शेजारीच आहे. ती त्याच्याकडे बोट दाखवत नाही. उठते, त्यांच्या चालीने चालत कपाटापर्यंत जाते, दोन पुस्तकं काढते, एक उघडून अक्षरं दाखवते. ती बारीक आहेत. दुसरं उघडते. हे चालेल, आजोबा मानेनेच सांगतात.

खाली यंत्रापाशी मुलीची आई, म्हणजे आजोबांची सून, कार्ड काढते. “बाबा, माझ्या कार्डावर घेऊ या.”

“फळीवर ठेवा आजोबा, सरळ!” नात हुकूम सोडते. ते ठेवतात. पडद्यावर नाव येतं, तारीख येते.

“झालं?”

“झालं. एकवीस दिवस आहेत तुम्हाला.”

आजोबा तिथेच, उभ्याउभ्या पहिलं पान उघडतात. मागे एक आई दोन मुलांना आणि पुस्तकांच्या चळतीला सावरत उभी आहे. सून आजोबांचा दंड धरून त्यांना बाजूला घेते.