जागा चुकलेलं आम्ल

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पित्तावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण शब्द तपासणं हे आमचं जन्मभराचं काम, आणि या दुखण्यात पहिली गफलत शब्दापाशीच होते. डोकं दुखलं की पित्त, अंगावर चट्टे उठले की पित्त, छातीत जळजळलं तरी पित्तच. सगळ्याला एकच नाव दिलं की कारण शोधायचं राहून जातं. आज आपण फक्त जळजळीबद्दल आणि घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याबद्दल बोलू.

जठरात आम्ल असतं आणि ते असायलाच हवं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. ते सैल पडलं किंवा पोटातला दाब वाढला, की आम्ल वर येतं. जठराला आतून संरक्षक थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो. म्हणून ती पोळते. म्हणजे बघा, पुष्कळदा आम्ल जास्त झालेलं नसतं, त्याची जागा चुकलेली असते.

हे कळलं की प्रश्न बदलतो. ‘काय खाऊ नये’ याच्याइतकंच ‘केव्हा, किती आणि नंतर काय’ हे महत्त्वाचं ठरतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत निदान 3 तास जाऊ द्यावेत. दोन घास कमी खावेत. शतपावली करावी. कमरेचा पट्टा सैल ठेवावा, वाढलेलं वजन उतरवावं. तंबाखू आणि दारू त्या कड्याला सैल करतात, ती सोडावीत. चहा, तिखट, तळलेलं यांत ज्याला जे बाधतं, ते त्यानं टाळावं. एकच यादी सर्वांना लागू नाही.

आता वामकुक्षी. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या बाजूला राहतं, तेव्हा जुन्या लोकांनी कूस बरोबर निवडली. पण जेवल्याजेवल्या आडवं होणं बरं नव्हे; ती कूस रात्रीसाठी ठेवावी. रात्री फार त्रास होत असेल तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा रचल्या तर मान वर जाते आणि पोट दुमडतं.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या एका स्नेह्यांना पहाटे छातीत दडपण आलं. पित्त असेल म्हणून ते थंड दूध पिऊन सकाळची वाट बघत बसले. ती सकाळ त्यांना दिसली नाही. छातीत दडपण, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर त्याला पित्त म्हणू नका. लगेच 108 ला फोन करा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तरी थांबू नका. घास अडकत असेल, विनाकारण वजन घटत असेल, रोज गोळी घ्यावी लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नाव द्यायची घाई करू नये, एवढंच आमचं सांगणं.