दाट केसांच्या श्वानाचे उन्हाळ्यात मुंडण करावे का?

नवी दिल्ली : पारा चाळिशीपार गेला की सायबेरियन हस्की, पोमेरेनियन, जर्मन शेफर्ड यांसारख्या दाट केसांच्या श्वानांचे पालक ग्रूमिंग केंद्रात एकच मागणी घेऊन येतात : सगळे केस काढून टाका. हेतू चांगला असला, तरी या जातींच्या बाबतीत हा उपाय बहुधा अपायच ठरतो.

या श्वानांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : आत मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, राठ केस. त्यांत अडकलेली हवा थंडीत ऊब राखते, हे सर्वश्रुत आहे. उन्हात तोच थर उलट्या दिशेने काम करतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. श्वानाच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असते. नागपूर किंवा दिल्लीत पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचतो, तेव्हा बाहेरची उष्णता शरीरात शिरू पाहते आणि तिला पहिला अडथळा या केसांचाच होतो. माणसासारखा अंगभर घाम श्वानाला येत नाही. तो येतो प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांना. शरीर थंड ठेवण्याची त्याची मुख्य भिस्त धापा टाकण्यावर असते. साहजिकच मुंडणाने मिळणारा गारवा पालकांना वाटतो तितका नसतो, उलट उघडी पडलेली त्वचा उन्हाने भाजू शकते.

भादरलेले केस पूर्ववत येतीलच, याचीही खात्री नसते. हस्की आणि पोमेरेनियनमध्ये ही वाढ कित्येक महिने खुंटल्याची, काही ठिकाणी टक्कल राहिल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना परिचित आहेत.

अपवाद आहेतच. केसांच्या जटा त्वचेला ओढू लागल्या, शस्त्रक्रिया करायची असली किंवा केसांखाली जखम चिघळली, तर तेवढा भाग भादरावाच लागतो. पूडल, माल्टीज यांसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींना तर नियमित कापणी आवश्यकच असते. गोचिडी झाल्या म्हणून सरसकट मुंडण करण्यापेक्षा पशुवैद्यकाने दिलेले औषध अधिक उपयोगी.

उन्हाळ्यात दाट केसांच्या श्वानाला खरी गरज असते ती रोजच्या विंचरण्याची. आतली गळालेली लव निघाली की केसांतून हवा खेळते. फिरायला पहाटे किंवा रात्री न्यावे. दुपारी पंख्याचा वारा, सावली आणि भरपूर पाणी द्यावे. मुंडण केलेला श्वानही उष्माघातापासून सुरक्षित नसतो. धाप थांबेना, लाळ गळू लागली, झोकांड्या जाऊ लागल्या, तर अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि विलंब न लावता पशुवैद्यकाकडे न्यावे.